लग्नाच्या बिअरचं विरजण

ग्रिंड, ११ ऑगस्ट १९५७

इंगा,

अक्षरावरून मला ओळखणार नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं अक्षर गोल होतं. अंड्यांच्या खोक्यांवर सहा वर्षं नावं लिहून ते उभं आणि टोकदार झालंय. कॅनडाहून तुझी पाच पत्रं आली, पाचही मिळाली. मी एकालाही उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता म्हणून नाही.

माझं लग्न ठरलंय. पाच डिसेंबर, गुरुवार. चंद्र वाढता असेल, ते आईनं आधी पाहिलं. नवरा रॉबी हेडल. हो, तेच हेडल, डेव्हीचा धाकटा भाऊ. डेव्हीशी लग्न तीन दिवसांवर असताना ज्या घराला तू पाठ दाखवलीस त्याच घरात मी जातेय. हसायचं असेल तर हसून घे, मी थांबते.

रॉबी आता बेटावरचा लोहार आहे. नांगर, ट्रॅक्टर, चर्चची घंटा, सगळं त्याच्याकडे येतं. आमचं कापणीचं मशीन दुरुस्त करताना त्यानं मला मागणी घातली. डोकं मशीनखाली, बाहेर फक्त बूट. मी म्हटलं, "हे मला विचारतोयस की मशीनला?" तो म्हणाला, "मशीनला आधी विचारलं. ते नाही म्हणालं." मी हो म्हटलं. कोणी सांगितलं म्हणून नाही आणि घाबरूनही नाही. हे तुला मुद्दाम सांगते.

आता एक गोष्ट, जी तुला लिहायला कोणी धजलं नसेल. तू सोमवारच्या बोटीनं गेलीस. मंगळवारी सकाळी बेलामावशी हेडल, तुझी होणारी सासू, आमच्या दारात उभी राहिली. हातात जग. आत ये म्हटलं तर आली नाही. आईला म्हणाली, "माझं विरजण परत दे." बिअर फसफसवायचं विरजण गं. आईचं आणि तिचं एकच होतं ना, वीस वर्षं या घरातून त्या घरात जात-येत होतं.  तुझ्या लग्नाची बिअर दोन पिंपांत तयार होती. तिचा तळ आईनं खरवडला, बेलामावशीचा जग काठोकाठ भरला, आणि मग दोन्ही पिंपं ओढत नेऊन खंदकात ओतली. बदकं दुपारपर्यंत तिरकी चालत होती. बाबा एकटेच हसले, तेही गोठ्यात जाऊन.

त्यानंतर आईनं बिअर केली नाही. सहा वर्षं. कापणीला माणसं येतात त्यांना आम्ही चहा देतो. तुझं नाव घरात निघत नाही. तू पाठवलेली पत्रं माझ्या नावावर असतात म्हणून ती माझ्यापर्यंत येतात, नाहीतर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही.

मी तुला लग्नाला बोलावत नाहीये. नवरीकडच्या माणसांना बोलावणं नवरीच्या आईनं करायचं असतं, तुला ठाऊक आहे. आई करेल असं वाटत नाही. पण तिनं करावं असं मला वाटतं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

मेरन


ग्रिंड, २२ सप्टेंबर

इंगा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. एक पान. त्यात अर्धं पान विनिपेगच्या हवेबद्दल. बेकरीत तुझ्या हाताखाली चार मुली आहेत हे वाचून मात्र बरं वाटलं, आणि त्या तुला घाबरतात हे वाचून तर फारच.

आणि खाली ते वाक्य: 'आईनं स्वतःच्या हातानं लिहिलं तर येईन, नाहीतर नाही.'

तुम्ही दोघी एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहात. ती म्हणते, गेली ती बोलेल आधी. तू म्हणतेस, राहिली ती बोलेल आधी. मधे मी, अंडी पुसतेय. खरंच पुसतेय. आता दिवसाला दोनशे निघतात. ओल्या फडक्यानं पुसायची, बोटीच्या दिवसाआधी खोक्यात लावायची, टोक खाली. तुझ्यानंतर हे काम माझ्याकडे आलं आणि मी एकही अंडं फोडलेलं नाही, असं आई सगळ्यांना सांगते. फोडलीत. ऑम्लेट करून खाल्ली.

बाकी दिवस असे जातात: सकाळी कोंबड्या, मग गाई, मग शेत. चार वाजता सायकलवरून लोहारशाळेकडे. तिच्या मागच्या दोन खोल्या आमच्या. मी भिंतींना कागद लावतेय, निळ्या पट्ट्यांचा. रॉबीनं एक पट्टी लावली ती वाकडी. म्हणाला, "लोखंड असतं तर ठोकून सरळ केली असती." मी ती तशीच ठेवली. चादरींवर नाव भरून झालंय. सहा घोंगड्या विणून झाल्यात. माझ्या हातचं काम कुणीही उलटून बघावं, मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसेल. हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण या घरात दुसरं कोणी सांगत नाही.

भांडण झालं ते बिअरवरून. मी आईला विचारलं, माझ्या लग्नाची बिअर कधी लावायची. ती जवाची भाकरी उलटत होती. म्हणाली, "बाटल्या मागवू. कर्कवॉलच्या दुकानातून."

"बाटल्या? नवरीच्या लाकडी कॉगमधे, सगळं वऱ्हाड ज्यातून पितं त्यात, दुकानाची बिअर ओतायची?"

"ओतली तर काय होतं? लाकडाला काय कळतंय?"

"लोकांना कळतं."

"लोकांना काय काय कळतं ते मी सहा वर्षांपूर्वी पाहिलंय."

मग मी म्हटलं की मी स्वतः करते. त्यावर तिनं भाकरी तव्यावर आपटली. "नवरीनं आपल्याच लग्नाची बिअर गाळायची? आई मेल्यावर करतात तसं. मी मेलेय का?" मी म्हटलं, "नाही ना. मग तू कर." ती म्हणाली, "विरजण कुठलं आणू?"

तिथेच सगळं अडतंय बघ. बेटावर ज्या घरी मागायला जावं त्या घरचं विरजण बेलामावशीकडून आलेलं. आणि बेलामावशीचं विरजण आईच्या पिंपात जाणार नाही, एवढं नक्की.

मी हट्टाला पेटले. बेकरीचं यीस्ट आणलं. बार्ली भिजवली, मोड आणले, वाळवली, भरडली, सगळं एकटीनं. दहा दिवसांनी बाबांना ग्लास भरून दिला. त्यांनी घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, अजून एक घोट घेतला. म्हणाले, "पाव चांगला झालाय. जरा पातळ आहे."

मी ती बदकांना ओतली नाही. त्यांनी एकदा पुष्कळ सोसलंय.

मेरन


ग्रिंड, २० ऑक्टोबर

इंगा,

आज जे लिहितेय ते आधी आईला सांगितलंय, मग तुला.

गेल्या रविवारी चर्चबाहेर बायका उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, मेरन गेली की घर ओकंबोकं होईल. आई म्हणाली, "माझ्या मेरननं आजवर माझ्यापासून काही लपवलं नाही. अशी मुलगी असली की घर ओकंबोकं होत नाही." आणि माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा तू पाहिला नाहीस. आई कधी कुणाकडे तसं बघत नाही.

मला ते कौतुक घेऊन लग्नाला उभं राहता येईना.

दुसऱ्या दिवशी अंडी पुसताना मी सांगितलं. इंगाची पेटी बोटीपर्यंत मी नेली होती. तिनं आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं.

आईचा हात थांबला नाही. एक अंडं पुसलं, ठेवलं. दुसरं पुसलं.

"कशावरून नेलीस?"

"बाबांच्या सायकलवरून."

"तिचं कॅरिअर मोडकं होतं."

"दोरीनं बांधली."

"कुठली दोरी? ती निळी?"

"हो."

"ती दोरी मी वर्षभर शोधत होते," आई म्हणाली. मग फडकं खाली ठेवून आत गेली. आज सातवा दिवस. ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायला वाढते. मीठ मागितलं तर देते. बाबा मधेच म्हणतात, "वारा पश्चिमेचा आहे," आणि आम्ही दोघी ऐकून घेतो.

आता तुझं. पेटी बांधताना तू म्हणाली होतीस, "डेव्ही वाईट आहे म्हणून नाही गं. मला इथलं कोणीच नकोय." आणि मग म्हणालीस, "मी तिकडे रुळले की तुला बोलावते." मी सतरा वर्षांची होते. मी ते खरं मानलं. माझी एक पिशवी पलंगाखाली भरलेली होती. वर्षभर. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात ते वाक्य नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसरं आलं तेव्हा मी पिशवी उपसली आणि कपडे धुऊन वाळत घातले, इतका वास लागला होता त्यांना. मी उत्तर का देत नव्हते ते आता तुला कळलं असेल.

आता तू बोलावलंस तरी मी येणार नाही. रागानं नाही. मला इथे राहायचंय. हे बेट, हा वारा, हे सगळं मी निवडलंय, मागे राहिले म्हणून माझ्या वाट्याला आलेलं नाही. एवढं तू समजून घेतलंस तर बाकीचं सोडून देते.

आईच्या मौनाची शिक्षा मला मान्य आहे. फक्त लग्नाला सहा आठवडे उरलेत आणि पिंपं कोरडी आहेत.

मेरन


ग्रिंड, १० नोव्हेंबर

इंगा,

बसून वाच. तुझ्या त्या चार मुलींना बेकरी सांभाळू दे.

मंगळवारी आईनं चर्चची टोपी घातली. मंगळवारी! पांढरा जग घेतला, त्यावर रुमाल टाकला आणि बाहेर पडली. मी विचारलं, "कुठे?" तीन आठवडे झाले होते, तरी अबोला सुटला नव्हता. ती हेडलांच्या रस्त्याला वळताना मी फाटकातून पाहिलं.

पुढचं मला रॉबीनं सांगितलं. तो तेव्हा आपल्या आईच्या चुलीचं झाकण बसवत होता आणि त्याला तिथून निघता येईना. निघायची इच्छाही नव्हती, असं मला वाटतं.

आई दारातच उभी राहिली. बेलामावशी पीठ मळत होती.

"अगंबाई," बेलामावशी म्हणाली. "टोपी घालून? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. विरजण हवंय."

"कशाला?"

"माझ्या मुलीच्या लग्नाला."

"कुठल्या मुलीच्या?"

रॉबी म्हणाला की त्याच्या हातातलं झाकण पडता पडता राहिलं. बेलामावशीलाही आपण काय बोललो ते तोंडातून गेल्यावर कळलं असावं, पण तिचं तोंड तुला माहीत आहे, मागे येत नाही.

आई म्हणाली, "मला दोन मुली आहेत, बेला. धाकटीचं लग्न आहे, तुझ्या मुलाशी. थोरलीचं नाव इंगा. तिनं तुझ्या घराचा अपमान केला, माझ्याही घराचा केला. तरी ती माझीच आहे. विरजण देणार असशील तर दे, नाहीतर मी दुकानच्या बाटल्या मागवते आणि सगळ्यांना सांगते की हेडलांच्या घरून मिळालं नाही."

बेलामावशी हात पुसत आतल्या थंड खोलीत गेली. खूप वेळ आली नाही. मग दोन मडकी घेऊन आली. एक तपकिरी, एक करडं. करडं आईपुढे ठेवलं.

"हे तुझं आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी नेलं ते. माझ्यात मिसळलं नाही. मिसळायला मन झालं नाही, फेकायलाही झालं नाही. सहा वर्षं दोन मडकी पोसतेय. आणि तुझं फार माजोरी आहे, सांगून ठेवते. दर वेळी झाकण उडवतं."

आई म्हणाली, "माझं आधीपासून जोरदार होतं."

"जोरदार नव्हे, आगाऊ."

"बेला, तुझं पीठ सैल झालंय."

मग त्या चहा प्यायल्या. दोन तास. रॉबीच्या घरी सगळ्यांना वाटायचं की ते दुसरं मडकं डुकरांचं आहे.

आई जग छातीशी धरून घरी आली, बाळ आणावं तसं. मला म्हणाली, "चूल पेटव. मोठं पातेलं काढ. आणि तुझी ती पावाची बिअर फेकून दे, वास येतो." एवढं एका दमात, जणू तीन आठवडे मधे गेलेच नाहीत.

दोन दिवस आम्ही दोघी त्याच कामाला होतो. तिनं मला सगळं दाखवलं. पाणी किती ऊन हवं ते कोपर बुडवून कसं बघायचं. माझ्या पहिल्या खेपेला मी बोट बुडवलं होतं. "बोट खोटं बोलतं," आई म्हणाली, "रोज गरम भांडी धरून ते निबर होतं. कोपराला सवय नसते." विरजण घातलं आणि झाकून ठेवलं. सकाळी पाहिलं तर पिंपावर हातभर फेस आणि झाकण जमिनीवर. आई कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. इतकी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. बाबा आले, त्यांनी वाकून वास घेतला आणि डोळे मिटले. त्या दिवशी वाऱ्याबद्दल काही म्हणाले नाहीत.

मी तो क्षण धरला. म्हटलं, "आई, बेलामावशीसमोर नाव घेतलंस. आता तिला लिही. बोलावणं तूच करायचं असतं."

ती म्हणाली, "काय लिहू? घर कुठे आहे ते तिला ठाऊक आहे."

"तू लिहिल्याशिवाय ती येणार नाही."

"मग तिच्यात माझं काहीतरी आहे," असं म्हणून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. हे तिनं तक्रार म्हणून म्हटलं की कौतुक म्हणून, मला सांगता येत नाही. मी कौतुक धरलंय.

आता बोटीनं तुला वेळेवर पोचता येणार नाही, हे मलाही कळतं. हे पत्र मिळून तू त्याच दिवशी निघालीस तरी. म्हणून रागावू नकोस, मीही रागावत नाही. मला तू हवी होतीस. आता लिहून टाकलं, झालं.

मेरन


ग्रिंड, ६ डिसेंबर, शुक्रवार दुपार

इंगा,

काल माझं लग्न झालं. मी आता हेडल आहे, तरी हे आईच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय, कारण भांडी घासायला आलेय. तिकडे रॉबी झोपलाय. त्याचे पाय अजून काळे आहेत. पोरांनी परवा रीतीप्रमाणे त्याला काजळी आणि काकवी फासून गाडीवरून गावभर फिरवला. साबणाच्या दोन वड्या संपल्या. माझेही पाय रंगवले, पण कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी मी त्यांच्यातल्या तिघांना रंगवून सोडलं.

चर्चपर्यंत सगळे जोडीजोडीनं चालत गेलो, पुढे फिडलवाला. वारा एवढा की सूर आमच्यापर्यंत पोचायच्या आधी समुद्रात जात होते. माझ्या पोशाखाची शिवण कुठे उसवली नाही. बायकांनी हात लावून पाहिली, मी लावू दिला.

हॉलमधे कॉग आला. बाबांनी धरला होता, तीन कान, एक पट्टी काळी एक पांढरी, वाफा निघत होत्या. आईची बिअर, त्यात व्हिस्की, साखर, मिरी, बाकी ती सांगत नाही. पहिला घोट माझा. इंगा, मी या घरची मुलगी आहे आणि हे माझ्या आईनं केलंय, असं मला त्या घोटात वाटलं. यापेक्षा नीट लिहिता येत नाही. मग रॉबी, मग पुढे, सूर्य फिरतो तसा, हातातून हातात. बेलामावशीनं घोट घेतला, थांबली, आणि मोठ्यानं म्हणाली, "आगाऊ आहे." आई म्हणाली, "अजून घे."

मग तारा वाचायची वेळ आली. करवला डेव्ही. तो आता चांगला गोल झालाय, दोन मुलं आहेत, बायको नेल तिसऱ्यांदा गरोदर आहे. त्यानं अॅबर्डीनच्या काकांची तार वाचली, एडिंबरोची वाचली, आणि पुढची उघडून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. आईलाही कळलं.

डेव्हीनं वाचलं: "मेरन, रॉबी, सुखी राहा. सगळ्यांना माझा नमस्कार. इंगा."

हॉलमधली ऐंशी माणसं आईकडे वळली. आई समोर बघत होती. तेवढ्यात डेव्हीनं शेजारच्याच्या हातातून कॉग घेतला, वळण मोडून, सरळ हिसकावूनच, आणि उंच धरला.

"इंगाच्या नावानं," तो म्हणाला. "ती त्या सोमवारी पळाली नसती, तर मला माझी नेल मिळाली नसती. आणि खरं सांगतो, इंगाचा मला लहानपणापासून धाक वाटायचा."

नेल ओरडली, "आणि माझा?"

"तुझाही. पण तू जेवण देतेस."

सगळ्यात आधी कोण हसलं माहीत आहे? आई. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळा हॉल हसला. डेव्हीनं घोट घेतला, कॉग पुढे गेला, आणि तो आईकडे आला तेव्हा ती उठून उभी राहिली.  उभी राहूनच प्याली. बाकी सगळे बसून प्याले होते.

आज सकाळी मी आले तर आईनं विचारलं, "विनिपेगचं स्पेलिंग काय?" मी सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. म्हटलं, "माझ्याच पाकिटात घाल, मी टाकते." तर म्हणाली, "मी कुणाच्या पाकिटातून जात नाही. मला वेगळं तिकीट आण."

आणलंय. ती आता टेबलाच्या पलीकडे बसलीय. पेन घट्ट धरलंय, आणि मला दिसू नये म्हणून डावा हात कागदाभोवती गोल धरलाय, शाळेतली मुलं धरतात तसा. काय लिहितेय मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. भांडी तशीच पडलीत. दोन पानं झालीत, दोन्ही बाजूंनी. आत्ताच उठून कपाटातून तिसरं काढून आणलंय.

मेरन